खुणेचा नारळ

सायकल शिकायची ती सड्यावर, हे आमच्या वाडीत ठरलेलंच होतं. खाली वाडीत जागाच कुठे होती? जाल तिथे पाखाड्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या चढत्या-उतरत्या पायवाटा, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं, आणि गडग्यापलीकडे कोणाचं ना कोणाचं खळं, घरापुढचं अंगण. पण आमच्या घरामागची चढण संपली की एकदम सडा उघडायचा. लांबच्या लांब काळाभोर सपाट कातळ, मध्येमध्ये पिवळं गवत, एका कडेला करवंदीच्या जाळ्या, आणि पार खाली, माडांच्या शेंड्यांवरून, समुद्राची निळी पट्टी. तिथे मी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून पहिल्यांदा कोणी न धरता निघाले, तेव्हा थांबायचं कसं ते मला कोणी शिकवलेलंच नव्हतं. मी किंचाळत होते आणि जातच होते. सडा संपेना आणि मी पडेना! पुढे आयुष्यात मी आगगाडीतून गेले, एकदा विमानातूनही गेले, पण जाण्याचा तसा आनंद पुन्हा झाला नाही. शेवटी करवंदीच्या जाळीत शिरले तेव्हा थांबले. आई संध्याकाळभर सुईनं काटे काढत होती आणि काट्यागणिक एक शिवी देत होती.

सडा आमच्या घराचा होता, म्हणजे कागदोपत्री. पण हे कोणाच्या ध्यानात असायचं नाही, आमच्याही नाही. वाडीची गुरं तिथे चरत, पोरं तिथे क्रिकेट खेळत, ज्याला हवं तो गवत कापून नेई. पाऊस सरता सरता कातळावर इवली निळी-पिवळी फुलं इतकी येत की पाय कुठे ठेवावा कळत नसे. आणि मुख्य म्हणजे पावसाचं पाणी त्या कातळाच्या फटींतून आत उतरायचं, म्हणून ऐन वैशाखातही खालच्या आमच्या विहिरींना पाणी असायचं. शेजारच्या गावात सड्यावर चिऱ्याची खाण निघाली आणि त्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवू लागल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या गावच्या बायका कळशा घेऊन आमच्याकडे यायच्या आणि आमची आई त्यांना आधी गूळपाणी द्यायची, मग कळशी भरू द्यायची.

मी तेव्हा दहावीत होते आणि शिमग्याच्या दिवसांत माझं अभ्यासात लक्ष असणं शक्यच नव्हतं. घरात ओल्या काजूंची उसळ शिजत असायची, तिच्या वासानं भूमिती सुचायची नाही. काजूचा चीक लागून आईच्या बोटांची सालं निघालेली असायची, तरी ती सोलत बसायची, कारण मुंबईहून वसंतकाका येणार असायचे आणि त्यांना ती उसळ तांदळाच्या भाकरीबरोबर लागायची. खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला की आम्ही पाखाडीवरून अशा पळत सुटायचो की कोंबड्या गडग्यावर चढायच्या. काका उतरायचे ते आधी टपावरच्या ट्रंकेकडे बघायचे, मग आमच्याकडे. "काय गो अनू, किती वाढलीस! पुढच्या वर्षी टपावरची ट्रंक तूच उतरव." त्यांच्या मागून काकू, पदर सावरत, गाडी लागल्यामुळे हिरवीपिवळी होऊन. काका मुंबईत औषधांच्या कारखान्यात होते आणि गावात त्यांचा मान होता तो पालखी नाचवण्याबद्दल. पालखीचा पुढचा खांदा वसंतकाकांचा. ते नाचू लागले की ढोलवाले त्यांच्या पायांकडे बघून वाजवायचे. माझा ह्या काकांवर जीव होता आणि आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांच्याविषयी भलतं मत करून घेऊ नये.

त्या वर्षी काकांनी ट्रंक उघडली, खाऊ वाटला, आणि चहा पिता पिता आप्पांना म्हणाले, "सड्याला पार्टी मिळाल्ये."

आप्पा कपात बघत राहिले. ते गावच्या शाळेत मास्तर होते, वर्गात त्यांचा आवाज दोन वाड्या ऐकायच्या, पण मोठ्या भावापुढे त्यांची वाचा बसायची. त्यांना शिकवलं होतं ते काकांनीच, मुंबईला लहान वयात नोकरीला लागून.

"सुट्टीतले बंगले बांधणार आहेत," काका सांगत होते. "मालगुंडपासून इथवर सगळा किनारा बघून आला माणूस. आपला सडाच आवडला त्याला. सगळीकडून भिंत घालून आत बाग करणार. काय ठेवलंय रे तिथे? रिकामा कातळ."

"गुरं..." आप्पा म्हणाले.

"गुरांना रान थोडं आहे? हे बघ, डोंबिवलीला ब्लॉक बघितलाय. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तुझी वहिनी त्या एका खोलीत इतकी वर्षं काढत्ये. कपडे बदलायचे तर मोरीचा पडदा ओढून. पोरगा आता लग्नाचा झाला, सून आणू कुठे?"

काकू तिथेच उसळीचे काजू सोलत बसली होती, तिनं मान वर केली नाही. आप्पा म्हणाले, "दादा, तू म्हणशील तसं." आणि उठून मागच्या दारी गेले. मी पाठोपाठ गेले तर ते चढणीकडे तोंड करून उभे होते. मला इतका राग आला होता की मी तोंडाला येईल ते बोलले: खाली विहिरी आटल्या की आपणच कळशा घेऊन दुसऱ्या गावाला जायचं का, आणि तिथे आपल्याला गूळपाणी कोण देणार? आप्पा म्हणाले, "त्याला नाही म्हणायला माझं तोंड उचलत नाही गो." मास्तर माणूस, पण ते म्हणाले ते असं.

दुसऱ्या दिवशी इंदुआत्या आली आणि घरातला वारा फिरला. आत्या ह्या दोघांची थोरली बहीण. जवळच्याच गावात दिलेली, बुटकी, खणखणीत, हसली की सगळं अंग हलायचं. आजोबा गेले तेव्हा भावांशी वाईटपणा नको, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून तिनं हक्कसोड लिहून दिलेलं होतं, जसं आमच्याकडच्या सगळ्या बहिणी देतात. त्यामुळे सड्यावर तिचा कागदोपत्री काडीचा हक्क नव्हता. आप्पांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि वालाच्या शेंगा मोडत होती. मग म्हणाली, "औंदा खूण आपल्याच घराकडं हाय ना?"

खूण म्हणजे काय ते सांगायला हवं. शिमग्यात आमच्या वाघजाईची पालखी घरोघर फिरते आणि शेवटच्या दिवशी खूण काढते. दर वर्षी एका घराचा मान असतो. त्या घरच्या माहेरवाशिणीनं पहाटे, कोणाला न सांगता, गावात एक नारळ जमिनीत पुरायचा. दुपारी पालखी नाचत नाचत तो शोधून काढते. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांना ठाऊक नसतं, आपण कुठे जातोय ते. देवी ओढते तिकडे ते जातात, आणि बरोबर त्या जागी येऊन पालखीचा दांडा खाली झुकतो. तिथे खणलं की नारळ. आणि जिथे खूण निघाली त्या जागेवर पुन्हा कधी नांगर धरायचा नाही की पाया खणायचा नाही. जागा मालकाचीच राहते, फक्त मोकळी ठेवायची. किती जागा, ते मालकानं तिथल्या तिथे गाऱ्हाण्यात तोंडानं सांगायचं. बहुतेक जण देवळासमोरच्या शेतात पुरत, म्हणजे प्रश्नच यायचा नाही. कोणाच्या खळ्यात निघालीच तर मालक "चार हात" म्हणून मोकळा व्हायचा.

"नारळ कुटं पुरायचा ते मी बघीन," आत्या म्हणाली. "तेवढा हक्क माझा अजून कोणी लिहून घेतलेला नाय."

पहाटे तिनं मला हलवून उठवलं. सोबत पोरीबाळी नेलेल्या चालतात. मी कुदळ घेतली, तिनं ओच्यात नारळ, आणि आम्ही मागची चढण चढू लागलो. आत्या अर्ध्या चढणीवर दम खायला थांबली आणि उगाचच हसू लागली, मलाही हसू आवरेना, आणि आम्ही दोघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून तिथेच खाली बसलो. वर आलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. मी म्हटलं, "आत्ये, मध्ये त्या सुकलेल्या तळीकडे पुरूया. तिथे माती आहे, आणि कोणाच्या बापाला कळायचं नाही." ती नाही म्हणाली आणि सरळ कडेच्या करवंदीच्या जाळीकडे चालू लागली, ज्या जाळीत मी सायकलसकट शिरले होते तिथेच. जाळीमागे कातळाला एक खोल फट होती आणि तिच्यात माती साठलेली. "अगं पण इथे शिरताना काटे लागतील लोकांना!" "लागूंदेत," ती म्हणाली. नारळ ठेवून तिनं माती लोटली, वर हात ठेवला, आणि काय पुटपुटली ते मला कळलं नाही. मग मला म्हणाली, "तोंड उघडलंस तर जीभ हातात देईन." मी दिवसभर तोंड उघडलंच नाही. आईनं विचारलं, पोट दुखतंय का.

दुपारी पालखी आमच्या खळ्यात आली. सबंध वाडी, वरची वाडी, मुंबईकर, सगळे. गुलाल, ढोल, ताशा, सनई, काही ऐकू येत नव्हतं आणि सगळे ओरडून बोलत होते. आई आणि काकूनं ओटी भरली. ती मुंबईची पार्टीही आली होती. सफारीतला गोरा गोमटा गृहस्थ, काकांनी मुद्दामच शिमग्याला बोलावलं होतं, गाव बघायला. त्याची मोटार वरच्या कच्च्या वाटेनं सड्याच्या तोंडाशी उभी होती. माणूस वाईट नव्हता, त्यानं देवीला नारळ ठेवला आणि आईच्या हातची उसळ दोनदा मागून घेतली. काकांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, पुढचा खांदा दिला, आणि ढोल बदलला.

पालखी आधी खाली गेली, देवळासमोरच्या शेतात. तिथे दोन फेऱ्या घेतल्या. लोक म्हणाले, निघाली इथंच. मी आत्याकडे बघितलं, ती शांतपणे पान खात होती. मग पालखी मागे फिरली. पाखाडीनं वर आली, आमच्या खळ्याच्या तोंडाशी थांबली, डुलली, मागे सरली, पुन्हा पुढे आली. काकांचे डोळे मिटलेले होते की उघडे ते गुलालात दिसत नव्हतं. आणि मग पालखीनं जी धाव घेतली ती आमच्या घराला वळसा घालून थेट चढणीला! "वर गेली, वर गेली!" अख्खा गाव चढणीवर. म्हातारे, पोरंटोरं, कडेवरची बाळं, ढोलवाले वाजवत वाजवत चढतायत. काकू आणि मी हातात हात घालून चढत होतो, ती मला धापा टाकत विचारत होती, "वर कशाला गो? वर कशाला?" आणि माझी जीभ आत्यानं आधीच ताब्यात घेतली होती.

सड्यावर पालखी तळीकडे धावली, थांबली, वळली. मग ती करवंदीकडे निघाली. घाई नाही, गोंधळ नाही, ढोलाच्या ठेक्यावर चालत, सरळ. जाळीत शिरताना काकांच्या दंडावर काटे ओढले गेले ते मला दिसलं. दांडा झुकला. फटीतली माती दोघांनी हातांनी उकरली आणि नारळ वर आला तेव्हा जो आवाज झाला तो मला आत्ता हे लिहिताना ऐकू येतोय. मी नाचत होते. आप्पा, माझे आप्पा, शाळेचे मास्तर, नाचत होते!

मग धोंडू गावकर, म्हणजे गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारा म्हातारा, पुढे झाला आणि त्यानं हात वर केला. ढोल थांबले. त्या गृहस्थानं कोणाला तरी विचारलं असावं काय चाललंय, कारण तो मोटारीकडून जवळ येऊन उभा राहिला. गावकर म्हणाला, "वसंता, तुम्हां भावांत थोरला तू. खूण तुमच्या जागेत निघाली. बोल, कुटवर सोडतोस आईला?"

चार हात म्हटलं की संपलं. सगळ्यांना ठाऊक होतं ते. चार हात सोडून बाकी सड्यावर बंगले उठले असते आणि देवीलाही राग आला नसता. काका उभे होते, खांद्यावर दांडा तसाच. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. खाली उतरत गेलेल्या वाडीच्या कौलांकडे पाहिलं. मग काकूकडे पाहिलं, बराच वेळ. काकूची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"सडा," काका म्हणाले. मग मोठ्यानं, "अख्खा सडा. गडग्यापासून कड्यापर्यंत."

गावकरानं गाऱ्हाणं घातलं: "हे आई वाघजाई, आज जी खूण तू ह्या कातळात काढलीस, तो कातळ ह्या घरानं मोकळा ठेवला. घर ह्यांचं, नाव ह्यांचं, पण भिंत नको, खाण नको, पाया नको, ह्यांच्या लेकरांनी नि लेकरांच्या लेकरांनी तो असाच राखावा रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, बेंबीच्या देठापासून, "व्हय म्हाराजा!" सफारीतले गृहस्थ दोन पावलं मागे सरले, देवीला नमस्कार केला आणि मोटारीत जाऊन बसले. पुन्हा त्यांनी सड्याचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी काकू भाकऱ्या थापत बसली. आईनं चुलीपाशी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "मला पडद्याची सवय आहे गो." एवढंच. त्या वाक्याची किंमत मला तेव्हा कळली नाही, मी वाडीत उड्या मारत फिरत होते. आज कळते. डोंबिवलीचा ब्लॉक झाला नाही. सून त्याच खोलीत आली, पोटमाळा काढून.

सुट्टी संपायच्या आत आप्पांनी काकांना घेऊन रत्नागिरीला वकील गाठला आणि दोघा भावांच्या सह्यांनी ते सगळं लिहून ठेवलं. वकील म्हणाले, हा कागद पुढे कोर्टात कितपत टिकेल सांगता येत नाही. आप्पा म्हणाले, गावात टिकेल. ते खरं झालं. आज सगळ्या किनाऱ्यावर हॉटेलं झाली आहेत, शेजारच्या सड्यावर बंगल्यांच्या रांगा आहेत, आणि परवाच एका एजंटाचा मला इथे रत्नागिरीत फोन आला होता, "ताई, तुमचा सी-व्ह्यूचा सडा पडून आहे म्हणे." मी म्हटलं, पडून नाही, ठेवलाय. वर जायच्या आधी वाडीतल्या कोणालाही विचार. माझी नात मागच्या सुट्टीत तिथेच सायकल शिकली. तिला थांबायचं कसं ते मी मुद्दाम शिकवलं नाही.

काका निवृत्त झाल्यावर दर शिमग्याला महिनाभर येऊन राहू लागले. खांदा देणं सुटलं होतं. एकदा संध्याकाळी आम्ही दोघं सड्यावर बसलो होतो, तर त्यांनी करवंदीच्या जाळीमागे हात घातला, त्या फटीत, आणि मातीतून बोटं फिरवत हसले. म्हणाले, "लहानपणी इंदुताई काजूच्या भाजलेल्या बिया इथेच लपवायची. मी रोज चोरायचो. तिला वाटायचं उंदीर नेतात."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं?"

"पालखी चढणीला लागली तेव्हाच वाटलं होतं."

"मग वळवायची होतीत की! पुढचा खांदा तुमचा होता."

"नेली ती आईनंच गो," काका म्हणाले. "मी फक्त पाय अडवले नाहीत."

मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी आत्याच्या गावी गेले. आत्या आता पार वाकली होती, ओटीवर बसून आमसुलं उलटत होती. मी घाईघाईनं सगळं सांगितलं: काकांना ती फट ठाऊक होती, बिया चोरणारा उंदीर ते होते, तुझं गुपित त्या दिवशी गुपित नव्हतंच. मला वाटलं ती चकित होईल. ती हसू लागली, सगळं अंग हलवत, पूर्वीसारखीच.

"अगो, उंदीर कोण ते मला तवाच म्हाईत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तिथं पुरला. तळीकडं पुरला असता तर सगळं देवीवर पडलं असतं. मी ते माझ्या भावावर सोडलं होतं."